न संपणाऱ्या काळातली भेट

"मालू, न संपणारं असं काही खरंच असतं का गं?"

आई पुढच्या सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. मी नुकतीच एस.टी.तून उतरून आले होते, अजून पायही धुतले नव्हते. खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवत मी म्हटलं, "कशाबद्दल विचारतेस?"

"कशाबद्दल नाही. नुसतंच. तुमच्या गणितात असतं म्हणे."

"असतं की. आकडे मोजायला लाग. कितीही मोजलेस तरी पुढचा आकडा असतोच."

तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "ते मोजायचं झालं. मोजणारा थकला म्हणून मोजणं थांबतं. मी विचारते, ते सगळं आधीच असतं का? कुणी मोजो न मोजो?"

साताऱ्याच्या कॉलेजात मी तेव्हा तीन वर्षं गणित शिकवत होते. एवढ्या काळात एकाही विद्यार्थ्यानं मला हे विचारलं नव्हतं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिच्याकडून हा प्रश्न आल्यावर मी जरा गोंधळले आणि "पाय धुऊन येते" म्हणून मोरीकडे गेले.

आप्पांनी कॉलेजच्या ऑफिसात फोन करून बोलावलं होतं मला. "आई बरी आहे, पण तू ये," एवढंच म्हणाले होते. बरी असताना बोलावलं म्हणजे काहीतरी जास्तच असणार, हे वाटेतच माझ्या मनानं धरलं होतं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. घरं बहुतेक जैनांची, सगळे ऊस करणारे. आमचंही शेत नदीला लागून. दोन वर्षांपूर्वी त्याच काठावर, मोटार सुरू करायला गेलेला माझा धाकटा भाऊ सुकुमार विजेचा धक्का बसून गेला होता. बावीस वर्षांचा होता. त्याच्यानंतर आई बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जास्त वेळ बसायला लागली. सकाळी अभिषेकाला, दुपारी स्वाध्यायाला, आणि चातुर्मासात महाराज आले की प्रवचनालाही. सगळ्यांना ते साहजिक वाटलं. मलाही.

संध्याकाळी जेवणाआधी आप्पा मला शेताकडे घेऊन गेले. उसाच्या कडेला बांधावर बसले, आणि बराच वेळ पायातल्या वहाणेनं माती उकरत राहिले.

"तुझी आई दीक्षा घ्यायची म्हणते," ते म्हणाले.

मला आधी नीट कळलंच नाही. "कसली दीक्षा?"

"क्षुल्लिका व्हायचं म्हणते. घर सोडून महाराजांच्या संघाबरोबर साध्वी म्हणून जायचं. रविवारी महाराजांपुढं श्रीफळ ठेवून विनंती करणार आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"घरच्यांची परवानगी लागते. मी नाही म्हटलं तर महाराज घेणार नाहीत. पण नाही कसं म्हणू? चोरी करायला निघालीय का ती? धर्माला निघालीय." त्यांनी माझ्याकडे न बघता पुढं म्हटलं, "मला ती घरात पाहिजे. एवढंच मला सांगता येतं. हे काय कारण झालं?"

"झालं की, आप्पा."

"तिच्यापुढं नाही होत. ती काय काय विचारते. काळ संपत नाही म्हणजे काय, जीव किती आहेत, एकदा झालं ते परत होतं का. मला यातलं काय येतंय? डोक्यात काहीतरी कोडं घेऊन बसलीय. तू गणिताची आहेस. तेवढं कोडं सोडव. ते सुटलं की राहील, असं मला वाटतं."

मी हो म्हणाले. कोडं सोडवायचं असतं, हे तर माझ्या रोजच्या कामातलं. कुठलं कोडं, हे मी तेव्हा विचारलंही नाही. माझ्या मते ते उघडच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच बस्तीत गेले. महाराज वयानं माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते. बेळगावकडचे, मराठी बोलताना कानडी हेल यायचा. लाकडी पाटावर बसले होते, बाजूला मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. मी नमोस्तु म्हणून लांबच बसले. मनात राग होता. तो दिसू नये म्हणून मी सरळ प्रश्नालाच हात घातला.

"महाराज, काळाला सुरुवात नाही असं आपण मानतो. या काळात जीव मोक्षाला जात राहिले आणि गेलेला कुणी परत येत नाही. मग आतापर्यंत संसार रिकामा का झाला नाही?"

त्यांना प्रश्न आवडलेला दिसला. "तुम्ही चंद्राबाईंच्या कन्या, नाही का? गणित शिकवता. मग तुम्हीच सांगा. एक, दोन, तीन, चार असे सगळे आकडे घ्या. त्यातून दोन, चार, सहा असे सगळे सम आकडे काढून टाका. किती काढले?"

"अनंत."

"आणि उरले किती?"

"अनंत."

"मग अनंत जीव गेले म्हणून संसार रिकामा व्हावा, असं कुठं आहे?"

हे उत्तर मला अपेक्षित होतं. मी म्हटलं, "पण पहिल्या दिवशी एक हा आकडा काढला, दुसऱ्या दिवशी दोन हा, तिसऱ्या दिवशी तीन हा, असं करत गेलं तर शेवटी एकही उरत नाही. दोन्हीकडे अनंतच काढले. एकदा अनंत उरले, एकदा काहीच नाही. किती गेले यावर ते ठरत नाही, कोणते गेले यावर ठरतं."

त्यांनी पिंछी जरा सरकवून ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे गणित दोन्हीला वाट देतं."

"हो."

"शास्त्र त्यातली एक वाट सांगतं. गणित ती बंद करत नसेल तर माझी काही तक्रार नाही." आणि हसून म्हणाले, "पण तुमच्या आईंचा प्रश्न हा नाही."

"मग कोणता आहे?"

"तो त्यांनीच सांगावा. मला त्यांनी विचारला, मी शास्त्रात आहे ते सांगितलं. त्यांना ते पुरलं नाही."

"आणि तरी तुम्ही तिला दीक्षा देणार?"

"मी दोन वेळा त्यांना थांबा म्हणालो आहे," महाराज म्हणाले. "श्रीफळ आणलं म्हणजे दीक्षा होत नाही. मी बघेन, विचारेन. पण मन पक्कं असेल आणि घरच्यांची ना नसेल, तर मी कोण अडवणार?"

मी उठले. ज्यांच्याशी भांडायला आले होते ते माझ्याच बाजूचे निघाले की नाही, हेच कळेना. वाटेत मी स्वतःशी तो सम आकड्यांचा युक्तिवाद पुन्हा पुन्हा लावून बघत होते. तो बरोबर होता. पण आईचा प्रश्न हा नाही म्हटल्यावर त्याचं करायचं काय?

घरी आले तर आई परसात वाळत घातलेले कपडे काढत होती. मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हटलं, "आई, तुला महाराजांना काय विचारायचं होतं?"

"त्यांनी सांगितलं तुला?"

"नाही. तूच सांगशील म्हणाले."

तिनं आप्पांच्या धोतराची नीट घडी घातली. ती बिघडली म्हणून उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "हे बघ. एखादी गोष्ट एकदा झाली. म्हणजे ती होऊ शकते, हे तर खरं ना? आणि काळ तर संपणारच नाही. मग ती पुन्हा होईल का?"

"कुठली गोष्ट?"

"कुठली पण. तुझ्या गणितात गोष्ट कुठली ते लागतं का?"

मला हायसं वाटलं. हा प्रश्न सोपा होता, वर्गात मी तो दरवर्षी शिकवत होते. "फासा घे," मी म्हटलं. "एकदा टाकलास तर सहा पडतील किंवा पडणार नाहीत. पण टाकतच राहिलीस, कधी थांबलीच नाहीस, तर सहा पडल्याशिवाय राहणार नाहीत. आणि एकदाच नाही. पुन्हा पुन्हा पडतील, कितीही वेळा."

"नक्की?"

"नक्की. न पडण्याची शक्यता कमी कमी होत जाते. टाकणं कधी थांबलंच नाही तर ती उरतच नाही."

आईच्या हातातले कपडे तसेच राहिले. ती कुठं बघत होती ते मला सांगता येणार नाही. पण चेहरा एकदम मोकळा झाला, दोन वर्षांत मी तो तसा बघितला नव्हता. "कितीही वेळा," ती म्हणाली, आणि कपडे घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी तिनं खपली गव्हाची खीर केली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिघं जेवायला बसलो. आप्पा तिच्याकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. वाढता वाढता ती सहज म्हणाली, "रविवारी श्रीफळाचं राहू दे. एवढी काय घाई आहे?"

आप्पांनी मान खाली घातली आणि जेवत राहिले. हात धुताना ते माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. फाशाचं गणित."

"फाशाचं?" ते म्हणाले. "असू दे. काय असेल ते असू दे."

मीही खूश होते, पण माझं मलाच कळत नव्हतं की मी नेमकं केलं काय. फाशावर सहा पडणारच, हे ऐकून माणूस दीक्षा का रहित करतो? मी तर्क बांधला. काळ संपणार नाही म्हणजे मोक्षाची संधी पुन्हा पुन्हा येणार, मग आत्ताच घर सोडायची घाई कशाला, असं तिनं धरलं असेल. पटण्यासारखं होतं ते. मी त्यावरच समाधान मानलं.

शनिवारी सकाळी ती माझ्या केसांना तेल लावत होती. मी सत्तावीस वर्षांची, कॉलेजातली मॅडम, आणि तिच्यापुढं पाटावर मांडी घालून बसलेली.

"मालू, काल म्हणालीस ते पक्कं ना? मास्तरीण म्हणून सांग. माझी लेक म्हणून नको."

तिनं असं विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटून गेलं आहे. पण विचारलं. आणि मास्तरीण म्हणून विचार करायला लागल्याबरोबर मला त्या उत्तरातली फट दिसली.

"तसं बघायला गेलं तर," मी म्हटलं, "फाशाचं खरं आहे. कारण फासा बदलत नाही. दर वेळी सहाला तेवढीच जागा असते. पण सगळ्याच गोष्टींचं तसं नसतं."

"म्हणजे?"

"सम आकडे घे. दोन, चार, सहा, आठ. ही रांग कधी संपत नाही. पण तिच्यात तीन येणार का?"

तिचा हात थांबला. "नाही."

"कितीही पुढं गेलीस तरी नाही. न संपणारं आहे म्हणून त्यात सगळं येतंच, असं नाही. आणि समजा सुरुवातीला तीन लिहिला आणि त्याच्यापुढं सगळे सम आकडे लिहीत गेलो. मग तीन एकदा येऊन गेला. पुन्हा कधीच येणार नाही."

"काल तर पडेलच म्हणालीस."

"काल फाशाचं बोललो आपण."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं काय?"

थोड्या वेळानं तिनं वेणी घालायला घेतली. घट्ट घातली, टाळू ओढली जाईपर्यंत. वेणी झाल्यावर म्हणाली, "म्हणजे काळ संपत नाही म्हणून काही नक्की नाही."

"नुसत्या तेवढ्यावरून नाही सांगता येत."

"बरं झालं सांगितलंस," आई म्हणाली.

दुपारी तिनं आप्पांना सांगितलं की उद्या श्रीफळ घेऊन जायचं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. काल ज्या गणितानं ती थांबली होती त्याच गणितानं आज ती निघाली होती आणि यातला दुवा मला सापडत नव्हता. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले, परसात गेले, काहीबाही विचारलं. तिनं प्रेमानं उत्तरं दिली, पण त्या विषयावर एक शब्द काढला नाही. आप्पा दिवसभर शेतात राहिले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. रात्री पाऊस झाला होता, आता उघडीप होती. घरापासून बस्तीकडे जायला गावातून रस्ता आहे, पण आई नदीकडच्या वाटेनं वळली. आप्पा पुढं होते. ते थबकले, मागं वळून बघितलं आणि त्या वाटेनं चालू लागले. दोन वर्षांत आई या वाटेला फिरकली नव्हती, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

आमच्या शेताशी आल्यावर नदी दिसायला लागली. पाणी गढूळ होतं, काठोकाठ. आई थांबली. आप्पा बरेच पुढं गेले होते.

"महाराज म्हणाले," ती नदीकडे बघत म्हणाली, "सुकुमारासाठी रडू नका. काळाला सुरुवात नाही. तो याआधी किती वेळा तुमचा मुलगा झाला असेल, बाप झाला असेल, भाऊ झाला असेल. मोजता येणार नाही इतक्या वेळा. मी घरी आले आणि मला वाटलं, इतक्या वेळा झाला असेल तर पुढंही होईल की. मग हे मोक्षाचं काय करायचं? मोक्षाला गेलेला परत येत नाही. मी वाटेला लागले आणि कधीतरी पोचले, आणि तो मागं राहिला, तर? तो आला आणि मी नाही, असं व्हायचं."

तिनं हातातलं श्रीफळ दुसऱ्या हातात घेतलं.

"म्हणून महाराजांना विचारलं, तो पुन्हा नक्की येईल का. ते म्हणाले, ज्याच्या त्याच्या कर्मानं जो तो जातो, नक्की कुणाचंच नाही. मग वाटलं तुला विचारावं. नक्की येणार असेल तर मला दीक्षा नको. मी इथंच फिरत राहीन, मुंगी होईन, झाड होईन, काय वाट्याला येईल ते. आणि नक्की नसेल, तर इथं थांबून तरी काय करू? तू परवा म्हणालीस येईल. काल म्हणालीस नाही."

"मी नाही असं म्हटलं नाही, आई."

"मग काय म्हणालीस?"

आता मला सगळं कळलं होतं, आणि कळल्यामुळं जास्तच अडचण झाली होती. येईल म्हटलं तर ती घरी राहणार होती. आप्पा पुढं वाटेवर उभे होते, आमची वाट बघत. एक शब्द पुरला असता. पण मास्तरीण म्हणून सांग, असं तिनं म्हटलं होतं, आणि मला खरोखरच माहीत नव्हतं. जीव फाशासारखे पडतात की सम आकड्यांसारखे रांगेनं पुढं जातात, हे कुठल्या गणितात लिहिलेलं आहे? पुढं कित्येक वर्षांनी मी वाचलं की वाट चुकलेला माणूस सपाट जमिनीवर मनाला येईल तसा भटकत राहिला तर कधी ना कधी घराशी परत येतोच. पण त्याला वरखाली फिरायलाही मोकळीक असली, तर तो कधीच परत न येण्याची शक्यता उरते. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. पण त्या सकाळी माझ्याजवळ तेवढंही नव्हतं.

"मी म्हटलं, सांगता येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे येईलही."

"येईलही. किंवा काळ कधीच संपला नाही तरी येणार नाही. दोन्ही होऊ शकतं."

"आणि मी मोक्षाला गेले तर?"

"तर नाही."

"ते नक्की?"

"ते नक्की आहे, आई. तेवढं एकच नक्की आहे."

तिनं हळूहळू मान हलवली. वर्गात एखादी हुशार मुलगी शेवटची पायरी स्वतःच ओळखते आणि मान हलवते, तशी.

मला राहवलं नाही. "पण आला तरी तू त्याला ओळखशील कशी? तू तू नसशील. तो तो नसेल."

"नाही ओळखणार," ती म्हणाली. "जन्मला तेव्हा तरी कुठं ओळखत होते? सुईणीनं हातात दिला, म्हणाली तुझा. मी म्हटलं बरं."

तिचे डोळे भरून आले. रडली नाही, पदरानं पुसले आणि म्हणाली, "चल, तुझे आप्पा उभे आहेत."

बस्तीत गर्दी होती. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. प्रवचन झालं, मग एकेक जण पुढं जाऊन नमोस्तु करत होता. आईची पाळी आली. आप्पा खांबाशी उभे होते, हात जोडलेले, बघायचं नाही म्हणून खाली बघणारे. आईनं श्रीफळ महाराजांपुढं ठेवलं आणि वाकली. महाराज थांबले. त्यांनाही ठाऊक होतं ती कशासाठी येणार आहे.

"काही सांगायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, महाराज. दर्शनाला आले."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग लांब बसलेल्या माझ्याकडे. पिंछी उचलून आशीर्वाद दिला. पुढची बाई सरकली.

बाहेर आल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं. खिशातून रुमाल काढून त्यांनी सगळं तोंड पुसलं आणि म्हणाले, "सोडवलंस बघ कोडं."

मी नाही म्हणणार होते. पण त्यांचा तो चेहरा बघून गप्प बसले. मी त्यांना कधीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुमच्याजवळ राहावं म्हणून ती थांबली नाही, हे? त्यांना दुधाच्या सोसायटीत काम होतं, ते तिथूनच गेले. त्यांच्या चालण्यात इतका हलकेपणा मी कधी बघितला नव्हता.

आई आणि मी घरी निघालो. आता गावातल्या रस्त्यानं. दोन्ही बाजूंना दारं उघडी होती, बायका हाक मारत होत्या, आई सगळ्यांशी बोलत होती. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या म्हशीचं दूध. मी तिच्या मागून चालत होते आणि माझ्या आत काहीतरी तट्ट फुगत चाललं होतं. दोन दिवस मी हिला थांबवण्यासाठी धडपडत होते. आणि ही थांबली होती, पण कुणासाठी? जो गेला त्याच्यासाठी. कुठल्या तरी जन्मात, कुठल्या तरी रूपात, येईल की नाही तेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी. माझं आणि आप्पांचं नाव त्या हिशेबात कुठंच नव्हतं.

घरं संपून जरा मोकळं आलं तेव्हा मी म्हणाले, "आई."

"काय गं?"

"सुकुमार भेटेल का, हे तू महाराजांना विचारलंस. मला विचारलंस. मी भेटेन का, हे विचारावंसं नाही वाटलं?"

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. राग नव्हता, वाईट वाटल्यासारखंही दिसलं नाही. मी काहीतरी उलटसुलट बोलले आहे आणि त्याचा अर्थ तिला लागत नाही, असं तिचं बघणं होतं.

"तुझं काय विचारायचं?" ती म्हणाली. "तू आहेस की."

एवढंच. आणि ती पुढं चालू लागली.

मी तिथंच उभी राहिले. त्या वाक्यानं मला दुखलं की बरं वाटलं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आई त्यानंतर सतरा वर्षं जगली, आप्पांच्या मागंही राहिली, माझ्या मुलींच्या वेण्या घातल्या. हा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी पण नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आणि अजूनही कधी कधी ते तीन शब्द मी उलटून पालटून बघते. कधी वाटतं, मी हातातली होते म्हणून तिनं मला गृहीत धरलं. कधी वाटतं, याहून जास्त कुणी कुणाला काय सांगणार? आज एक बरोबर वाटतं, उद्या दुसरं.

त्या सकाळी मात्र मी नुसती उभी होते, ओल्या रस्त्यावर, पाय चिखलात. आई थोडी पुढं गेली. मग माझी चाहूल लागत नाही म्हणून वळली, आणि मी येईपर्यंत तिथंच थांबून राहिली.